मोटर गाते, चाक ढिम्म

पुण्याच्या तपकीर गल्लीतून किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून रोबोटचं सामान आणणाऱ्या कॉलेजच्या पोरांच्या पिशवीत दोन वस्तू हमखास सापडतात: पिवळ्या गिअरबॉक्सची छोटी मोटर आणि मोटर चालवणाऱ्या एल२९८एन चिपचा, काळा हीटसिंक मिरवणारा लाल बोर्ड. घरी जोडाजोड होते, आर्डुइनोला ० ते २५५ मधला ४० हा आकडा दिला जातो. चाक हलत नाही. मोटरीतून बारीक कुईऽ तेवढी येते.

मुरलेला माणूस आधी ती कुई ऐकतो. पीडब्ल्यूएममध्ये, म्हणजे पल्स देऊन वेग आवरण्याच्या या रीतीत, व्होल्टेज कमी होत नसतं. पूर्ण दाबानं दिलं जातं आणि लगेच काढून घेतलं जातं, आर्डुइनो उनोच्या बहुतेक पिनांवर सेकंदाला सुमारे ४९० वेळा. कानाला ऐकू येणारा हा आकडा, म्हणून मोटर गाते. आणि ४० म्हणजे जेमतेम १६ टक्के: ६ व्होल्टच्या बॅटरीतून सरासरी १ व्होल्टसुद्धा नाही. त्यातही एल२९८ जुन्या बायपोलर घराण्यातली. १ अँपिअर वाहताना दोनेक व्होल्ट ती स्वतःच गिळते. हीटसिंक उगाच नाही. मॉसफेटवाली टीबी६६१२ इथे कितीतरी काटकसरी, तरी दुकानात पहिला हात लाल बोर्डाकडेच जातो!

पल्सऐवजी वीज जाळून वेग आवरण्याची रीत मुंबईकरांच्या चांगल्या ओळखीची आहे. १९२५ पासून २०१६ पर्यंत शहरात १५०० व्होल्ट डीसीवर लोकल धावल्या. जुन्या गाड्या सुटताना मोटरींच्या वाटेत रेझिस्टन्स घालत आणि वेग वाढेल तसा तो टप्प्याटप्प्यानं काढत. तोवरची उष्णता वाऱ्यावर.

खरी गंमत पल्स बंद असतानाच्या क्षणात आहे. एल२९८ची एनेबल पिन चालू-बंद केली तर त्या क्षणी मोटर मोकळी सुटते, आतला करंट झटकन मरतो. एनेबल चालू ठेवून इनपुटची एक पिन शून्यावर धरली आणि दुसरीवर पल्स दिले, तर बंद काळात मोटरीची दोन्ही टोकं ग्राउंडला जुळतात, करंट आतल्या आत फिरत राहतो. मग हळू वेगातही आकडा वाढवावा तसा वेग वाढतो. वायर एका पिनेवरून दुसरीवर हलवली, एवढाच बदल. पण पोरं हे शोधण्याऐवजी मोटरच बदलून आणतात.

टॉर्कचा हिशेब वेगळा. तो करंटच्या मागे जातो. चाक अडलं की मोटरीतून उलट उठणारं व्होल्टेज शून्य होतं आणि करंट अडवायला उरतो फक्त वाइंडिंगचा रेझिस्टन्स. तो ४ ओहम असेल तर ६ व्होल्टला थेट दीड अँपिअर. डीआरव्ही८८७१ सारख्या चिपला करंटची मर्यादा एका रेझिस्टरनं सांगता येते: ३० किलोओहम लावला तर सुमारे २.१ अँपिअर. करंट तिथे पोचला की चिप आपणहून तो छाटते, आकडा २५५ असला तरी. दरवाजा ओढणाऱ्या यंत्रात बोट अडकलं, तर मोटर किती जोर लावेल हे त्या रेझिस्टरवर ठरतं.