एक खोली, शांत वस्ती

घराची जाहिरात वाचणं ही एक कला आहे. ‘स्टेशनपासून ५ मिनिटे’ म्हणजे रिक्षानं, आणि तीही मिळाली तर. ‘हवेशीर’ म्हणजे खिडकीला काचा बसायच्या आहेत. ‘शांत वस्ती’ म्हणजे तिथवर बस जात नाही. पुण्यातल्या आमच्या सोसायटीचा मी तब्बल २२ वर्षं सेक्रेटरी होतो, त्यामुळे या विषयातला माझा व्यासंग दांडगा. पण २०१९ साली आम्ही उभयता लेकीकडे न्यूयॉर्कला गेलो आणि तिनं जी जाहिरात माझ्यापुढे ठेवली, तिनं मलाही कोड्यात टाकलं. ‘स्टुडिओ विकणे आहे. को-ऑप. युद्धपूर्व इमारत. शांत वस्ती.’

स्टुडिओ म्हटल्यावर हिला वाटलं, लेक आता फोटोग्राफी करणार. पण स्टुडिओ म्हणजे एक खोली. त्या खोलीतच झोपायचं, बसायचं, आणि एका कोपऱ्यात ओटा. आपल्याकडे एवढ्याशा जागेत सात माणसं आणि एक पाहुणा राहिलेला मी पाहिला आहे. तिकडे मात्र ते एका माणसाचं घर असतं.

“एकच खोली?” ही म्हणाली, “आणि पुढे?”

या ‘पुढे’चा अर्थ आम्हा तिघांनाही ठाऊक होता. लेक ३८ वर्षांची. स्थळं बघणं आम्ही पाच वर्षांपूर्वी सोडलं होतं; म्हणजे तिनं सोडायला लावलं होतं. पण आशा ही चिवट वस्तू आहे. भाड्याच्या घरात राहणारी मुलगी अजून कुठेतरी जायची असते. एका खोलीचं घर विकत घेणारी मुलगी पोहोचलेली असते.

“पुढे काही नाही आई,” ती म्हणाली. “पुढे बाग आहे.”

ही बाग बघायला आम्ही क्वीन्समधल्या जॅक्सन हाइट्सला गेलो. स्टेशनातून बाहेर आलो तर डोक्यावर लोखंडी पुलावरून ७ नंबरची गाडी धडधडत चाललेली. चौऱ्याहत्तराव्या रस्त्यावर साड्या, सोनं, मिठाई, कोथिंबिरीच्या जुड्या. मी म्हटलं, “ही शांत वस्ती?” लेक म्हणाली, “चला तर.” पाच-सात चौक चाललो आणि आवाज एकदम थांबला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना विटांच्या सहा-सहा मजली इमारती आणि त्यांच्या पोटात, बाहेरून दिसणार नाहीत अशा, लांबच लांब बागा.

‘युद्धपूर्व’ म्हणजे दुसऱ्या महायुद्धापूर्वीची. तिकडे हा शब्द मोठ्या अभिमानानं छापतात. भिंती जाड, छत उंच. मुंबईत १९४० पूर्वीची इमारत म्हटली, की पावसाळा जवळ आला म्हणजे ती धोकादायक इमारतींच्या यादीत तर नाही ना, हे लोक आधी पाहतात.

पुढे को-ऑपची भानगड. यात म्हणे तुम्ही घर विकतच घेत नाही. अख्खी इमारत एका कंपनीच्या मालकीची. तुम्ही त्या कंपनीचे शेअर घ्यायचे, आणि शेअर घेतले म्हणून ती तुम्हाला खोलीत राहू देणार. हे मला समजावून सांगताना त्या दलालबाई चांगल्याच घामाघूम झाल्या. मी मनात हसत होतो. पन्नास रुपयांच्या पाच भागांच्या प्रमाणपत्रावर मी २२ वर्षं सह्या केल्या होत्या! शेवटी न राहवून मी त्यांना सांगितलं, की ब्रुकलिनमध्ये फिनलंडच्या कामगारांनी ना-नफा तत्त्वावर आपली को-ऑप काढली ती १९१६ साली. आमच्या मुंबईत गावदेवीला तल्मकींनी सारस्वतांची सोसायटी काढली ती १९१५ साली. तेव्हा सीनियर आम्ही. दलालबाई म्हणाल्या, “वंडरफुल,” आणि मेंटेनन्सचा आकडा सांगितला. त्यावर मी गप्प झालो.

पण खरी गंमत पुढेच होती. पैसे तयार असले तरी तुम्हाला घर मिळेल असं नाही. इमारतीची कमिटी तुमची मुलाखत घेणार. आधी आयकराची कागदपत्रं, बँकेचे हिशेब, ओळखीच्यांची शिफारसपत्रं. एवढं करून कमिटी ‘नाही’ म्हणू शकते, आणि का नाही ते सांगायची सक्ती त्या वेळी तरी नव्हती. १९७९ साली खुद्द रिचर्ड निक्सनना मॅनहॅटनमधल्या को-ऑपवाल्यांनी शेजारी म्हणून नको म्हटलं. १९८५ साली मॅडोनाला नकार मिळाला. याच जॅक्सन हाइट्समध्ये १९२० च्या दशकात ज्यूंना आणि काळ्या लोकांना घरं देत नसत.

“निक्सनला नाकारलं,” मी हिला म्हटलं, “आणि तो तर विवाहित होता!”

ही हसली नाही. खरं सांगायचं तर मीही हसलो नाही. कारण मला १९९४ सालची आमची कमिटी आठवली.

आमच्या मागच्या बाजूचा एक ब्लॉक विकायचा होता. घ्यायला एक बाई आल्या. बँकेत नोकरी, वय पस्तिशीच्या पुढे, कागदपत्रं चोख. मी चहा मागवला आणि विचारलं, “मिस्टर कुठे असतात?” त्या म्हणाल्या, “नाहीत.” खजिनदारांनी “अरेरे” म्हटलं. त्या म्हणाल्या, “तसं नाही. लग्न केलेलं नाही.” मग आम्हाला कंठ फुटला. का नाही केलं? आईवडील कुठे? पाहुणेरावळे फार येतात का? रात्री यायला उशीर होतो का? त्यांनी चहा संपवला, कप बशीत ठेवला आणि शांतपणे विचारलं, “या प्रश्नांची उत्तरं फॉर्मवर कुठे लिहायची?”

कारणाशिवाय सभासदत्व नाकारायला आपल्या कायद्यात परवानगी नाही. सेक्रेटरीला कायदा पाठ असावा लागतो. म्हणून आम्ही नाकारलं नाही. फक्त “कळवू” म्हटलं. दोन महिन्यांनी कंटाळून मालकानं ब्लॉक दुसऱ्या कुणाला विकला.

लेकीच्या मुलाखतीच्या दिवशी मी इमारतीच्या बागेत बाकावर बसलो होतो. शेजारी एक आजीबाई स्वेटर विणत होत्या. मी का आलोय ते कळल्यावर त्यांनी काळजीनं विचारलं, “ती एखादं वाद्य वाजवते का?” मी म्हटलं, “नाही.” त्यांना अतिशय समाधान वाटलं. पुण्याची शांतता दुपारी एक ते चार असते. इथली दिवसभराची होती आणि तिला पहारेकरी होते.

अर्ध्या तासानं लेक आली.

“काय विचारलं?”

“नोकरी किती वर्षं, कुत्रा आहे का. आणि जमिनीचा ८० टक्के भाग गालिच्यानं झाकायचा, खालच्यांना पावलं ऐकू येतात म्हणून.”

“आणि?”

“आणि काय?”

“ते आपलं... एकटीच का, वगैरे?”

“लग्नावरून नाही म्हणता येत नाही बाबा इथे. कायदा आहे. मग विचारतच नाहीत.”

“पण समजा, विचारावंसं वाटलं तर?”

ती हसली. “तर घरी जाऊन बायकोला विचारायचं.”

आठ दिवसांनी होकार आला. आम्ही निघायच्या आधी तिला किल्ल्या मिळाल्या. रिकाम्या खोलीत हिनं चारही भिंती हातानं चाचपून पाहिल्या, ओट्यावर दूध उतू घातलं आणि आपण आलो की कोण कुठे झोपणार याची जागा ठरवून टाकली. तिघांची सोय झाली. ‘पुढे’ हा शब्द तिनं पुन्हा काढला नाही.

पुण्याला आल्यावर मी सोसायटीच्या कपाटातली १९९४ ची फाइल काढली. बाईंचा अर्ज होता. अक्षर सुरेख. कोपऱ्यावर कपाचा गोल डाग, आणि खाली माझ्या हातचा शेरा : ‘कळवू.’

पत्ता बघितला. त्या चाळीच्या जागी आता बारा मजली इमारत उभी आहे.