दोन यंत्रं, एकच पत्ता
"मॅडम, व्हीएमला नेट येत नाहीये." अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत हे वाक्य रोज ऐकू येतं. व्हीएम म्हणजे पीसीच्या आत चालणारं आभासी यंत्र. मॅडम लगेच माऊसला हात लावत नाहीत. आधी विचारतात, "पत्ता कोणता मिळालाय?"

अर्धं उत्तर बहुतेक वेळा त्या पत्त्यातच असतं. व्हर्च्युअलबॉक्समध्ये १०.०.२.१५ दिसला, की यंत्र नॅटच्या आडोशाला आहे हे कळतं. त्याचा गेटवे १०.०.२.२. आतून बाहेर जाता येतं, पण पोर्ट फॉरवर्ड केल्याशिवाय बाहेरून आत कुणाला येता येत नाही. 'ब्राउझर चालतो, पण माझा वेबसर्व्हर शेजारच्या पीसीवरून उघडत नाही' ही तक्रार म्हणजे बिघाड नव्हेच. नॅट त्याचं काम चोख करत असतं. १९२.१६८.५६ ने सुरू होणारा पत्ता सहसा होस्ट-ओन्ली जाळ्याचा, म्हणजे इंटरनेटची वाट बंद. विंडोजच्या यंत्रात १६९.२५४ दिसलं, तर पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपीला हाका मारून कुणी ओ दिली नाही आणि यंत्राने स्वतःच एक पत्ता धरला, असं समजायचं.

मग पिंग. माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये लिहिलेला हा छोटासा प्रोग्राम अजून रोज कामाला येतो. आधी गेटवे, मग बाहेरचा एखादा आकडी पत्ता, शेवटी नाव. आकड्याला उत्तर येतं आणि नावाला येत नाही, तर दुखणं डीएनएसचं.

मुलं मात्र घाईत नॅटचं ब्रिज करतात, ब्रिजचं होस्ट-ओन्ली, मध्येच फायरवॉलही बंद करतात. यंत्र चालू झालं तरी कशामुळे झालं ते कळत नाही, आणि मॅडमना हेच खटकतं. एका वेळी एकच बदल, आणि तो वहीत लिहून, हा त्यांचा आग्रह आहे.

तरी एका प्रकरणाने त्यांचे दोन दिवस घेतले.

उबुंटू सर्व्हरचं एक यंत्र नीट तयार करून त्यांनी त्याचे क्लोन काढले होते आणि ब्रिजवर, म्हणजे थेट प्रयोगशाळेच्या जाळ्यावर, टाकले होते. एकच चालू असला की सारं सुरळीत. दुसरा सुरू केला की पहिल्यावरचं एसएसएच सत्र गोठायचं. पहिला संशय मॅक पत्त्यावर. पण ०८:००:२७ नंतरचे आकडे दोन्हींचे वेगळे होते; क्लोन करताना नवे मॅक पत्ते घ्यायचा पर्याय त्यांनी निवडलाच होता. मॅक वेगळे, म्हणजे आयपी वेगळे, असं गृहीत धरून त्या केबल आणि स्विच तपासत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी दोन्ही कन्सोल शेजारी शेजारी उघडले. दोन्हीकडे १९२.१६८.१.३७!

डीएचसीपी सर्व्हर चुकला नव्हता. या उबुंटूची नेटवर्क सेवा पत्ता मागताना स्वतःची वेगळी ओळख पाठवते, आणि ती मशीन-आयडी नावाच्या फाइलमधल्या ३२ अक्षरांवरून बनते. ग्राहकाने अशी ओळख दिली तर सर्व्हरने मॅकऐवजी तीच धरायची, असं डीएचसीपीचा १९९७ चा दस्तऐवज, आरएफसी २१३१, सांगतो. क्लोनबरोबर ती फाइलही जशीच्या तशी आली होती. सर्व्हरच्या लेखी जुनंच गिऱ्हाईक पुन्हा दारात आलं होतं. त्याने त्याची जुनीच खोली दिली.

उपाय दोन मिनिटांचा. मूळ यंत्रातली ती फाइल रिकामी करायची, यंत्र बंद करायचं आणि मगच क्लोन काढायचे. प्रत्येक क्लोन पहिल्यांदा सुरू होताना स्वतःचा नवा आयडी बनवतो.

यंत्रं सुरळीत चालू लागली, पण मॅडम उठल्या नाहीत. आयडी जसा नकळत उतरला, तसं आणखी काय उतरलं असेल, म्हणून त्यांनी दोन्ही यंत्रांच्या एसएसएच होस्ट-कीचे ठसे ताडून पाहिले. अक्षर न् अक्षर तेच. त्या रात्री साडेआठपर्यंत त्या एकेका क्लोनवरच्या जुन्या चाव्या पुसून नव्या बनवत बसल्या होत्या.