साडेनवानंतरच्या नोंदी

२०२५ च्या उन्हाळ्यांत आमच्या घरीं जें घडलें तें मासिकांत लिहावें कीं नाहीं, यावर आमच्या एकत्र कुटुंबांत दोन तट पडले. धाकट्या बंधूंचें म्हणणें, घरची लाज चार भिंतींआड राहावी. त्यांच्या पत्नीनें मात्र स्वयंपाकघरांतून सांगितलें, “दादा, नांव गाळा आणि लिहा. माझ्या पाटल्या गेल्या, निदान दुसऱ्या कुणाच्या तरी राहूं देत.” तिच्या शब्दाला मान देऊन मीं लेखणी उचलली आहे.

आमचें बिऱ्हाड नांदेडास. पुतण्या अकरावीला लातुरास गेला, तो पदवीसाठीं तेथेंच राहिला. ‘लातूर पॅटर्न’चें नांव महाराष्ट्रांत कोणास ठाऊक नाहीं? परजिल्ह्यांतून इतकीं मुलें तेथें येतात कीं कित्येक घरांचा वरचा मजला विद्यार्थ्यांना भाड्यानें दिलेला आढळतो. बारावीपर्यंत या मुलांवर पहांटेपासून रात्रीपर्यंत शिकवण्यांचा पहारा असतो. तो एकदां उठला कीं उरतात एक खोली, तीन मित्र आणि पैसे फिरविणारा फोन. आम्ही दरमहा रक्कम पाठवीत होतों, लोहा-अहमदपूरच्या वाटेनें एस. टी.नें तो सणावारीं येत होता, आणि सर्व कांहीं ठीक चाललें आहे असें आम्ही समजून होतों.

मे महिन्यांत त्यानें ‘प्रकल्पाच्या फी’साठीं तिसऱ्यांदा पैसे मागितले. मी जन्मभर गणित शिकविलें. तिसऱ्या फीचा हिशेब मला जमेना. लातुरास गेलों, त्याच्याकडून बँकेचा उतारा मागून घेतला, आणि एका खानावळींत बसून तीन महिन्यांच्या नोंदी पेन्सिलीनें तपासल्या.

क्रिकेटच्या सामन्यांवर पैसे लावण्याचा नाद त्याला लागला होता, हें पहिल्या पानावरच कळलें. परंतु माझी पेन्सिल अडली ती दुसऱ्याच ठिकाणीं. संध्याकाळच्या नोंदी ५० किंवा १०० रुपयांच्या असत. साडेनवाच्या सुमारास एका दारूच्या दुकानाची नोंद येई, आणि तिच्याखालीं आंकडे उड्या मारूं लागत: १,०००, २,०००, एकदां तर ५,०००, तेही रात्रीं १ वाजून ४० मिनिटांनीं. ज्या दिवशीं दुकानाची नोंद नाहीं, त्या दिवशीं खेळ शंभरावर थांबलेला. एकंदर ८६,००० रुपये गेले होते. त्यांपैकीं ७० हजारांहून अधिक दुकानाच्या ओळीखालचे.

मीं उतारा त्याच्यापुढें ठेवला. तो बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, “काका, हें असें आहे, हें मला माहीतच नव्हतें.” मला तें खोटें वाटलें नाहीं.

मद्य प्रथम मनाचा आवर सैल करतें. जीभ आणि पाय अडखळतात ते त्यानंतर. हरलेला मनुष्य शुद्धीवर असेल तर उठून जाण्याचा संभव तरी असतो. प्यालेला मनुष्य गेलेलें परत मिळवावयास बसतो. जिंकला तर आनंदाची आणि हरला तर दुःखाची, असें पिण्यास दोन्हीकडून निमित्त. शिवाय मेंदूतील हा आवर घालणारा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत पक्व होत असतो, असें शास्त्रज्ञ सांगतात. आणि नेमक्या त्याच वयांत आपण मुलें एकटीं ठेवितों. आपल्या राज्याच्या कायद्यानें बिअरला २१ आणि कडक दारूला २५ वर्षांची अट आहे. पुतण्या १९ चा होता. त्याला वय कोणी विचारलें नाहीं.

अमेरिकेंत हार्वर्ड विद्यापीठाच्या २००१ सालच्या पाहणींत १० हजारांहून अधिक महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना जुगाराविषयींही विचारलें होतें. वर्षभरांत जुगार खेळलेले शेंकडा ४२ निघाले, आणि बेसुमार पिणें त्यांच्यांत अधिक आढळलें. पण त्यासाठीं अमेरिकेस जाण्याचें कारण नाहीं. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलांत वसिष्ठ वरुणापाशीं अपराधाचीं कारणें सांगतांना सुरा, क्रोध आणि बेहड्याचे फासे एकाच ओळींत बसवितो. मनूनेंही राजाचीं व्यसनें मोजतांना मद्य आणि द्यूत शेजारीं शेजारीं ठेविलीं आहेत. हें सारें मला पाठ. तरी बलिप्रतिपदेला (तिलाच द्यूतप्रतिपदा म्हणतात) या मुलाला चिंचोके लावून रमी शिकविली ती मींच. चिंचोक्यांच्या जागीं दोन वर्षांत रुपये आले, तेव्हां सारें घर हंसलें होतें.

आमच्या विद्यार्थिदशेंतही मटका होता. मुळांत न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावांवर लावला जाणारा तो आंकडा. आमच्या कापूस पिकविणाऱ्या मुलखाला तो परका वाटला नाहीं. पण आंकडा लावावयास टपरीपर्यंत चालत जावें लागे, आणि वाटेंत वडिलांच्या ओळखीचें कोणी तरी हटकून भेटे. आतां टपरीच खिशांत आली आहे. ऑगस्ट २०२५ मध्यें संसदेनें पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, हें योग्यच झालें. पुतण्याचे बहुतेक पैसे मात्र एका मित्राच्या हातून सट्टेवाल्याकडे गेलेले. तो धंदा पूर्वीपासूनच बेकायदा होता.

देणें पाटल्या विकून फेडलें. बंधू त्याला शिक्षण सोडवून घरीं आणावयास निघाले होते. तीन आठवडे त्यांनीं मुलाशीं शब्द काढला नाहीं. अखेर त्याच्या आईच्या आग्रहानें असें ठरलें, कीं त्यानें लातुरासच शिकावें आणि दर शनिवारीं बँकेचा उतारा मला पाठवावा. पांच महिने तो स्वच्छ येत होता.

परवांच्या शनिवारीं आलेल्या उताऱ्यांत रात्रीं ९ वाजून २० मिनिटांनीं त्याच दुकानाची १८० रुपयांची नोंद आहे. तिच्याखालीं कांहीं नाहीं. ती ओळ न लपवितां त्यानें उतारा वेळेवर पाठविला आहे. मीं तो अजून बंधूंना दाखविलेला नाहीं. उद्यां सकाळच्या गाडीनें लातुरास जाणार आहें.