पाहुण्यांबरोबर पाहिलेलं डिस्नेलँड

लॉस एंजेलिसच्या आसपास संसार मांडलेल्या आमच्या पिढीच्या मराठी घरांत एक अलिखित नियम होता. देशातून आई-वडील, सासू-सासरे, आत्या, मावशी, कोणीही आलं तरी पहिला आठवडा त्यांची झोप रुळावर येण्यात जायचा, दुसऱ्या आठवड्यात ओळखीच्या चार घरी जेवणं व्हायची आणि तिसऱ्या शनिवारी डिस्नेलँड. पाहुणे सत्तरीचे असोत की पंचविशीचे, त्यातून कोणाची सुटका नव्हती. त्यांनीही ती कधी मागितली नाही.

आम्ही बहुतेक जण १९६५च्या नव्या इमिग्रेशन कायद्याने दार किलकिलं केल्यानंतर, सत्तरच्या दशकात इकडे आलो. कोणी विमानांच्या कारखान्यात इंजिनियर, कोणी हॉस्पिटलात, कोणी अजून शिकतच होतं. घराचे हप्ते, गाडीचे हप्ते आणि देशात पाठवायचे पैसे वजा जाता करमणुकीला फारसं काही उरायचं नाही. त्यातही डिस्नेलँडसाठी पैसे बाजूला पडत. आई-वडिलांना आपण कुठे येऊन पडलोय, हे दाखवायचं तर ऑफिस दाखवून काय उपयोग? ॲनाहाइममध्ये संत्र्यांच्या बागांची १६० एकर जमीन घेऊन वॉल्ट डिस्नेने वर्षभरात उभं केलेलं आणि १७ जुलै १९५५ला उघडलेलं ते गाव दाखवणं सोपं होतं.

तयारी आदल्या रात्रीपासून चाले. तिखटमिठाच्या पुऱ्या, बटाट्याची कोरडी भाजी, लसणाची चटणी, दही-भाताचा डबा आणि थर्मासमध्ये चहा. आतलं खाणं महाग, आणि शाकाहारी माणसाला तिथे फ्रेंच फ्राइजवर दिवस काढावा लागे. प्रवेशद्वाराच्या बाहेर डावीकडे बाकं टाकलेली जागा होती. दुपारी हातावर शिक्का मारून घेऊन बाहेर यायचं, गाडीच्या डिकीतून डबे काढायचे आणि तिथे पंगत मांडायची. एखाद्या शनिवारी शेजारच्या बाकावरूनही लसणाचा वास येई, आणि पुढच्या गणपतीला तेच कुटुंब मंडळाच्या हॉलमध्ये भेटे. नऊवारीतल्या आजी पायांत नातवाचे कॅनव्हासचे बूट घालायला आधी कां-कूं करत. दुपारनंतर मात्र काढायला तयार नसत.

तेव्हा तिकिटांची पुस्तकं असत. ‘ए’पासून ‘ई’पर्यंत कुपनं; ‘ए’ म्हणजे किंग आर्थरच्या मेरी-गो-राउंडसारख्या साध्या गोष्टी, ‘ई’ म्हणजे मॅटरहॉर्न, पायरेट्स, भुतांचा वाडा. ‘ई’ची कुपनं दुपारपर्यंत संपत आणि ‘ए’, ‘बी’ उरत. ती फेकायची कशी? पुढच्या पाहुण्यांसाठी ती स्वयंपाकघरातल्या खणात रबर लावून ठेवली जात. आमच्या ओळखीच्या जवळजवळ प्रत्येक घरात असा एक खण होता. १९८२मध्ये पुस्तकं बंद झाली आणि एकाच तिकिटात सगळं आलं. एका मावशींना ते पटलं नाही. ‘आधी कसं, हिशेब राहायचा. आता कितीही बसा म्हटल्यावर बसण्यात राम नाही,’ असं त्यांचं म्हणणं होतं.

मेन स्ट्रीट संपला की समोर स्लीपिंग ब्यूटीचा किल्ला. आमची इथे जन्मलेली मुलं तो दिसताच पळत सुटायची. आमच्या वडिलांची पिढी मात्र थबकायची. त्यांनी रायगड, सिंहगड, जंजिरा पायाखाली घातलेला. सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले आमचे अण्णा बराच वेळ किल्ल्याकडे पाहत उभे राहिले आणि म्हणाले, ‘वरचे दगड लहान केलेत. म्हणून उंच वाटतोय.’ ते बरोबर होतं. तो किल्ला जेमतेम ७७ फूट उंच आहे. खालचे दगड मोठे आणि वर जाईल तसे लहान दाखवून नजरेला फसवलं आहे. आम्हाला हे पुढे कधीतरी पुस्तकात वाचून कळलं. अण्णांनी ते उन्हात उभं राहून ओळखलं. फसवणूक कळली म्हणून त्यांचा रस मात्र कमी झाला नाही. उलट, कारागिराचं कौतुक करत ते त्या कमानीखालून दोनदा गेले.

किल्ल्याच्या पोटातून पलीकडे गेलं की फँटसीलँड. म्हाताऱ्या माणसांना न्यायचं ते खरं इथे, कारण इथल्या राइड्स अंगाला हिसके देत नाहीत. पीटर पॅनची राइड पहिल्या दिवसापासूनची, १९५५ची. तिची जहाजं वरच्या रुळाला टांगलेली असतात, त्यामुळे खाली काहीच नसतं आणि आपण खरोखर तरंगत निघतो: मुलांच्या खोलीच्या खिडकीतून बाहेर, चांदण्यातल्या लंडनवरून, नेव्हरलँडच्या बेटाकडे. रस्त्यांवरून मुंग्यांएवढे दिवे सरकताना दिसतात. पीटर पॅन कोण, हे आईला सांगण्याचा आम्ही रांगेत बराच खटाटोप केला होता. उतरल्यावर ती एवढंच म्हणाली, ‘पुष्पक विमानातून रामाने सीतेला खाली समुद्र दाखवला, तो असाच दिसला असणार.’ लहानपणी गावच्या देवळात कीर्तनकारबुवांनी ते वर्णन केलं होतं, आणि तिच्या मनातलं चित्र तिला साठ वर्षांनी ॲनाहाइममध्ये पडताळून मिळालं.

तिथेच हिमगौरीची राइड. सुरुवातीच्या काळात तिच्यात एक गंमत होती. बुटके दिसायचे, खाण दिसायची, सफरचंद घेतलेली चेटकीण वळणावळणावर दात विचकत यायची. पण खुद्द हिमगौरी कुठेच नव्हती. रचनाकारांची कल्पना अशी, की गाडीत बसलेला माणूसच हिमगौरी. संकट त्याच्यावरच यायचं. पीटर पॅनच्या राइडमध्येही पीटर नव्हता, तो आपणच. लोकांना हे कळेना. हिमगौरी कुठे आहे, असं सगळे विचारत. शेवटी १९८३मध्ये फँटसीलँडची पुनर्बांधणी झाली, जत्रेतल्या तंबूंसारखे दर्शनी भाग जाऊन युरोपातल्या जुन्या खेड्यासारख्या इमारती आल्या, आणि तेव्हा दोघांनाही आपापल्या राइडमध्ये जागा मिळाली. सासूबाईंनी मात्र ती जुनी राइड पाहून काही विचारलं नव्हतं. ‘मेली माझ्याच अंगावर येत होती,’ म्हणून त्या हसत होत्या. गोष्ट ऐकताना आपण तिच्या आत असतो, हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती.

‘इट्स अ स्मॉल वर्ल्ड’ ही प्रत्येक घराची हक्काची राइड. १९६४च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात युनिसेफसाठी ती उभी राहिली आणि १९६६मध्ये इथे आली. मेरी ब्लेअर या चित्रकर्तीची रंगसंगती, शर्मन बंधूंचं गाणं, आणि होडीतून जाताना दोन्ही काठांवर देशोदेशींच्या शेकडो बाहुल्या. उद्घाटनाला मुलांच्या हातून जगातल्या ठिकठिकाणचं पाणी तिच्या कालव्यात ओतलं होतं, हे ऐकल्यावर एक आत्याबाई होडीत बसण्यापूर्वी पाण्याला बोट लावून डोळ्यांना लावत्या झाल्या. ताजमहाल आला की आमच्या होडीत एकच गलका. घरापासून हजारो मैलांवर, पुठ्ठ्याचा का असेना, आपला देश दिसला याचा आनंद पाहुण्यांपेक्षा आम्हालाच जास्त व्हायचा. आणि ते गाणं पुढे आठवडाभर स्वयंपाकघरात चाले, देवपूजा करतानासुद्धा.

भुतांच्या वाड्याचं आम्हाला दडपण असायचं. हाँटेड मॅन्शन १९६९मधलं. आत ९९९ भुतं राहतात आणि हजाराव्यासाठी जागा रिकामी आहे, असं ते सांगतात. वरच्या गॅलरीतून जाताना खालच्या दालनात पारदर्शक भुतं जोडीने नाचताना दिसतात. ती करामत एकोणिसाव्या शतकातल्या रंगभूमीवरची आहे: भली मोठी काच आणि तिच्यात पडणारं लपवलेल्या बाहुल्यांचं प्रतिबिंब. आईला हृदयविकार, म्हणून आम्ही तिचा हात घट्ट धरून बसलेलो. ती कोकणातली; मुंजा, खवीस, हडळ, वेताळ यांची तिला जात-पोटजातीसकट माहिती. बाहेर आल्यावर तिने निकाल दिला: ‘सगळी चांगल्या घरची दिसतात. एकालाही काही हवंसं वाटत नाही. अशी भुतं कोणाला धरायची नाहीत.’

जंगल क्रूझमध्ये होडी घनदाट झाडीतल्या पडक्या देवळाशी येते, आणि तिथे गणपतीची मूर्ती आहे. होडी चालवणारा पोरगा विनोद सांगत असायचा, सगळे हसत असायचे, आणि आमच्या बाकावरचे हात नकळत जोडले जायचे. पुढे डुंबणाऱ्या हत्तींचा तलाव. याच राइडच्या होडीतून १९६१च्या नोव्हेंबरात पंडित नेहरू वॉल्ट डिस्नेबरोबर फिरले होते. बरोबर इंदिरा गांधीही होत्या. हे सांगितलं की वडीलधाऱ्यांना आपण पोरखेळात वेळ घालवतोय ही टोचणी राहत नसे. पंतप्रधान बसले तर आपल्याला काय हरकत?

या सगळ्यात एक गोष्ट आमच्या घराघरांत सारखीच घडली. उडणारं जहाज, बोलणारे पोपट, नाचणारी भुतं यांनी त्या पिढीचे डोळे विस्फारले नाहीत. पुराणं, कीर्तनं, दशावतार यांवर पोसलेल्या माणसांना अद्भुताची सवय होती. त्यांना नवल वाटलं ते दुसऱ्याच गोष्टींचं. ऐंशीच्या घरातली आजीबाई नातवंडाशिवाय, एकटी, हसत लाकडी घोड्यावर बसलेली पाहून आमच्या सासूबाई कितीतरी वेळ तिच्याकडे बघत होत्या. चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला वाट करून देणारे लोक, तासभर रांगेत उभं राहून कोणी पुढे न घुसणं, रस्त्यावर कागदाचा कपटाही नसणं. आणि हातात झाडू घेतलेला मुलगा. तो कॉलेजात शिकतो, सुट्टीत इथे काम करतो आणि त्याच्या बापाचं स्वतःचं दुकान आहे, हे त्याच्याशी बोलून कळल्यावर अण्णा गप्प झाले. परतीच्या वाटेवर गाडीत त्यांनी पुन्हा तोच विषय काढला. आमच्या आळीत हे होईल का, असं त्यांनी विचारलं, आणि उत्तरही स्वतःच दिलं.

देशात परतल्यावर त्यांच्या तोंडून त्या दिवसाचं वर्णन अनेक वर्षं ऐकलं गेलं. भाचरांसाठी नेलेल्या व्ह्यूमास्टरच्या चकत्या डोळ्याला लावून वाड्यातली मुलं किल्ला पाहत. वडीलधारे शेजाऱ्यांना त्या झाडूवाल्या मुलाची हकिगत सांगत. आम्ही फोटो काढले होते ते सगळे किल्ल्यासमोरचे. त्यांच्या बोलण्यात किल्ला क्वचितच यायचा.

आता आमचीच वयं त्यांच्यावेळची झाली आहेत. कुपनं इतिहासजमा झाली, तिकिटं भलतीच महागली, राइडची वेळ फोनवर मिळवावी लागते. मुलं आम्हालाच घेऊन जातात आणि दिवसाचा आराखडा मिनिटामिनिटाने आखतात. त्यात फँटसीलँड बऱ्याचदा गळतं. लहान मुलांचं म्हणून.

यंदाच्या उन्हाळ्यात तुमच्याकडे देशातून आई-वडील येणार असतील, तर त्यांना सगळ्यात आधी तिथेच न्या. पीटर पॅनच्या रांगेत फोन खिशात ठेवून त्यांच्या शेजारी उभे राहा आणि बाहेर आल्यावर काय दिसलं ते विचारा. ती रांग भरपूर मोठी असते. पुष्पक विमानाची गोष्ट त्यांच्याकडून पुन्हा एकदा ऐकून घ्यायला तेवढा वेळ पुरतो.