टपावरचे पाणी

सरकारी चाकराच्या आयुष्यात छप्पर ही त्याची स्वतःची वस्तू कधीच नसते. बदलीच्या एका हुकुमाबरोबर ते मिळते आणि दुसऱ्या हुकुमाबरोबर जाते. ते गळू लागले तर खाली घमेले ठेवावे, तक्रारवहीत नोंद करावी आणि पावसाळा सरण्याची वाट पाहावी, असा शिरस्ता आहे. बारा वर्षांच्या नोकरीत तीन गावची तीन बिऱ्हाडे मी याच शिरस्त्याने काढली. त्यामुळे २०२४ च्या सप्टेंबरात, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, डेहराडूनला मी जेव्हा एक जुने फिरते घर विकत घेतले आणि परतीच्या पहिल्याच सरीत त्याच्या आतल्या बिछान्यावर पाणी ठिबकले, तेव्हा अर्ज कोणाच्या नावे लिहावा हेच मला क्षणभर सुचेना.

फिरते घर म्हणजे १९९६ सालची मॅटाडोर. हे नाव आपल्याकडे इतके रुळले होते, की एके काळी त्या आकाराच्या कोणत्याही गाडीला लोक मॅटाडोरच म्हणत. तिचे घराणे मूळचे जर्मनीतले, हॅम्बुर्गजवळच्या हारबुर्गचे. बजाज टेंपो कंपनीने १९५८ पासून त्या कारखान्याच्या सहकार्याने आपल्याकडे आधी तीनचाकी टेंपो काढले, आणि पुढे आकुर्डीहून मॅटाडोर बाहेर पडू लागली. २००५ मध्ये त्या कंपनीने फोर्स मोटर्स असे नवे नाव घेतले. या गाडीचा एक गुण घर थाटणाऱ्याच्या फार उपयोगाचा आहे. तिची ओढ पुढच्या चाकांना असते. म्हणून मागच्या आसापर्यंत जाणारा दांडा तिच्या पोटाखाली नाही, आणि तिचा तळ सपाट व जमिनीलगत राहतो. आत माणूस फारसा न वाकता वावरू शकतो.

माझ्या आधीचे मालक एक सेवानिवृत्त शिक्षक होते. त्यांनी आत दोन लाकडी बिछाने व एक कपाट बसवून घेतले होते, आणि नोंदणीपुस्तकात त्याची रीतसर नोंदही करून ठेवली होती. उन्हाळ्यात पत्नीला घेऊन ते पहाडात हिंडत. आता ते मुलाकडे दिल्लीस राहायला निघाले होते, आणि दिल्लीत दहा वर्षांहून जुन्या डिझेल गाडीला मज्जाव. "जिथे मी चाललो तिथे हिला येता येत नाही," एवढेच ते म्हणाले, आणि किल्ली माझ्या हाती देऊन घरात निघून गेले.

किंमत माझ्या दोन महिन्यांच्या मूळ वेतनाच्या आतच होती. जाणत्यांना सांगायला नको, की त्या मर्यादेपलीकडे गेल्यास खरेदीची वर्दी सरकारला महिन्याच्या आत द्यावी लागते. वर्दी वाचली, थट्टा वाचली नाही. कचेरीतल्या एका स्नेह्याने 'विंटेज गाडीचे मालक' म्हणून मला चहाच्या वेळी उभे केले. मी त्याला नियम दाखवला. २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षे भरल्याशिवाय गाडीला ती पदवी मिळत नाही; आमचीला अजून बावीस वर्षे अवकाश होता. पत्नीने विचारलेला प्रश्न अधिक मार्मिक होता. "हिच्यातून गावी गेलो तर प्रवास-सवलत मिळेल का?" स्वतःच्या वाहनाने केलेल्या प्रवासाला ती मिळत नाही, हे तिलाही ठाऊक होते.

ही गाडी का घेतली, याचे उत्तर मी प्रत्येकाला निराळे दिले. कोणाला चक्राता सांगितले, कोणाला हर्षिल. खरे उत्तर असे, की त्या शिक्षकांच्या अंगणात लिचीच्या झाडाखाली तिचा तो बसका, रुंद चेहरा मी पाहिला आणि माझे पाय थांबले. माझे वडील अण्णा यांनी पन्हाळ्याच्या पायथ्याच्या गावांमधून बावीस वर्षे अशाच मॅटाडोरमधून दूध गोळा केले. पहाटे तीनला ती सुरू होण्याचा आवाज हे आमच्या घरचे घड्याळ होते. डिझेल आणि आंबलेले दूध यांचा मिश्र वास आजही कुठे आला, तर मला अंथरूण आठवते.

आई जाऊन दोन वर्षे झाली होती. अण्णा गावी एकटे होते. माझ्याकडे ते दोनदा आले आणि दोन्ही वेळा आठवड्याच्या आत परतले. "तुझं सगळं चांगलं आहे, पण मला इथं काही काम नाही," असे म्हणत. ते खरेच होते. क्वार्टरमध्ये नळ बिघडला तर माणूस येई, दिवा गेला तर माणूस येई. अण्णा त्या माणसांच्या मागे उभे राहून पाहत आणि ते गेल्यावर, त्यांनी काय चुकीचे केले ते मला सांगत.

ते दिवाळीनंतर येणार होते. त्याआधी गाडी कोरडी करून दाखवावी, अशी माझी हौस. ऑक्टोबरचे चार रविवार मी त्यात घातले. डाव्या बिछान्यावर, मागच्या कोपऱ्यात पाणी पडत होते; म्हणून त्या कोपऱ्याच्या वरचा सांधा मी सिलिकॉनने लिंपला. बादलीभर पाणी ओतले, पुन्हा गळले. पुन्हा लिंपला. मग हात सैल सुटला. जिथे फट दिसेल, भोक दिसेल, तिथे सिलिकॉन नाही तर एमसील. हिवाळ्याचा वारा कोठूनही शिरता कामा नये, असा माझा पण होता. गाडी बाहेरून मलमपट्ट्या केलेल्या रुग्णासारखी दिसू लागली, आणि पाणी आपल्या जागी, ठरल्या वेळी ठिबकत राहिले.

अण्णा आले. अंगणात त्यांनी गाडी पाहिली, पिशवी खाली ठेवली आणि तिला एक फेरी घातली. काही बोलले नाहीत. पुढच्या दाराची मूठ किंचित वर उचलून मग ओढायची असते. त्यांनी ती तशीच ओढली. दार उघडले. मला ते दार उघडायला तीन दिवस लागले होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या मुलीचा फळ्याचा खडू मागून घेतला. आतल्या छताचा फुगलेला प्लायवूड आम्ही उतरवला, आणि उघड्या पत्र्यावर व त्याच्या आडव्या कमानींवर त्यांनी खडू घासला. मग मला नळी घेऊन बाहेर पाठवले. "खालनं वर चढत ये. एका जागी पाच मिनिटं. घाई करू नको." मी आधी काचांवर पाणी सोडले, मग पन्हळीवर, मग टपावर. ते आत बॅटरी घेऊन उताणे पडले होते. अर्ध्या तासाने आतून हाक आली. खडूवर एक काळी रेघ उमटली होती. ती माझ्या कोपऱ्यातून निघाली नव्हती. पार पुढे, टपावरच्या सामानाच्या कॅरियरचे बोल्ट जिथे पत्र्यात उतरतात, तिथून निघाली होती. तिथून पाणी कमानीच्या आतून कडेला आणि कडेने मागे वाहत होते, कारण आमच्या अंगणाला मागच्या बाजूस उतार आहे. "गळतंय तिथं शोधू नये," अण्णा म्हणाले. "शिरतं कुठनं ते बघावं."

पुढचे तीन आठवडे आमचे घर त्या गाडीभोवती फिरत होते. माझे सिलिकॉन खरवडण्यातच चार संध्याकाळी गेल्या. त्याच्यावर रंग धरत नाही, दुसरे सिलिकॉनही नीट धरत नाही, आणि त्याचा तेलकट थर राहिला तर नव्या रंगाला डोळे पडतात, हे ज्ञान मला पाते घासता घासता झाले. कॅरियर उतरवले. बोल्टांभोवतीचा गंज तारेच्या ब्रशने घासून, काचकागद मारून, रेडऑक्साइडचे दोन हात दिले. एका भोकाचा पत्रा इतका खाल्ला गेला होता, की तिथे ठिगळ लावून वेल्डिंग करावे लागले. मग रबरी वॉशर घालून नवे बोल्ट. कचेरीतून परतताना मी ट्रान्सपोर्टनगरची वाट धरू लागलो. अण्णा सकाळीच यादी देत, आणि संध्याकाळी आणलेला प्रत्येक नग उजेडात धरून पाहत.

समोरच्या काचेचे रबर लाकडासारखे कडक झाले होते. ते बदलण्याची रीत मी कधी पाहिली नव्हती. नवे रबर काचेला चढवायचे, त्याच्या आतल्या खाचेत एक दोरी सगळीकडून बसवायची, साबणाचे पाणी लावून काच चौकटीवर टेकवायची. मग एकाने आत बसून दोरी हळूहळू ओढायची, आणि दुसऱ्याने बाहेरून त्याच जागी तळव्याने काच दाबत जायचे. दोरी निघते तसतशी रबराची कड पत्र्यावर उलटून बसते. अण्णा आत होते, मी बाहेर. दोघांच्या मध्ये काच. त्यांचा हात जिथे जाई तिथे माझा हात जायचा. बोललेले ऐकू येत नव्हते. ते नुसती मान हलवीत. शेवटचा कोपरा बसला तेव्हा आमचे तळवे काचेच्या दोन बाजूंना एकाच जागी होते. मी लहान असताना ते मला दुधाच्या कॅनवर बसवीत. त्यानंतर इतक्या जवळून त्यांचा चेहरा मी पाहिला नव्हता. तो फार म्हातारा झाला होता.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही परीक्षेसाठी गाडीत झोपलो. डेहराडूनची थंडी तोवर बोचू लागली होती. समोर मसुरीचे दिवे चांदण्यांच्या रांगेसारखे स्वच्छ दिसत होते. मी सिगडी आत घेण्याचा बेत मांडला. अण्णांनी तो ऐकूनही घेतला नाही. बंद जागेत कोळसा जाळून निजलेली माणसे सकाळी उठत नाहीत, हे दर हिवाळ्यात वर्तमानपत्रात येते. मी ते वाचतो आणि ते लक्षात ठेवतात. सगळ्या काचा गच्च लावून, रजया ओढून आम्ही निजलो. पहाटे माझ्या कपाळावर थेंब पडला.

मी धडपडत बाहेर आलो. आकाश निरभ्र होते. टप कोरडाठाक होता. आणि आत पत्र्यावरून, काचांवरून पाणी निथळत होते. अण्णा अंथरुणात बसून हसत होते. आई गेल्यानंतर त्यांना हसताना मी प्रथम पाहिले. "अरे, हे आपलंच आहे," ते म्हणाले. दोन माणसांचा रात्रभराचा श्वास; त्याला बाहेर जायला वाट नव्हती, म्हणून गार पत्र्यावर त्याचे पाणी झाले.

मग त्यांनी विचारले, "दाराच्या खालची भोकं काय केलीस?" मी अभिमानाने सांगितले, की एमसीलने बुजवली. त्यांनी स्क्रूड्रायव्हर मागितला आणि गुडघे टेकून दाराच्या खालच्या कडेतला एक गोळा उकरून काढला. आतून तपकिरी पाणी भळभळ वाहू लागले, पेलाभर तरी असेल. काचेवरून उतरणारे पाणी दाराच्या पोटात जातच असते. ते बाहेर पडावे म्हणून कारखान्यानेच ती भोके ठेवलेली असतात. मी ती बुजवून दाराला आतून गंजायला ठेवले होते. "सगळी भोकं बुजवायची नसतात," एवढेच ते म्हणाले, आणि दुसऱ्या दाराकडे वळले.

त्यानंतर आम्ही टपाच्या पत्र्याला आतून रबरी फोम चिकटवला, त्यावर नवा प्लायवूड बसवला, मागची एक काच दोन बोटे उघडी ठेवण्याचे ठरवले, आणि अण्णांनी गावाहून आणलेल्या दोन घोंगड्यांपैकी एक चालकाच्या जागेमागे पडद्यासारखी टांगली. समोरच्या मोठ्या काचेचा गारठा तिने निम्म्याने अडवला.

डिसेंबरच्या अखेरीस पाऊस आला. इकडे हिवाळ्यातही पश्चिमेकडून ढग येतात. खाली पाऊस पडतो, वर पहाडावर बर्फ. रात्री दहाला पहिले थेंब वाजले, तसे अण्णा अंथरूण उचलून गाडीत गेले. मीही गेलो. दिवा न लावता आम्ही दोघे पडून राहिलो. टपावर पाऊस कोसळत होता, आणि आत एक थेंब नव्हता. गळत नाही अशी खात्री झाली, तरी बराच वेळ कान तिकडेच लागून होते.

अंधारात अण्णा म्हणाले, "कॉलेजला सोडायचो तुला, तेव्हा फाटकाच्या अलीकडे उतरायचास तू."

माझा श्वास अडकला. कोल्हापूरच्या त्या फाटकात दुधाच्या गाडीतून उतरण्याची मला लाज वाटे. वळणावरच्या पिंपळाखाली मी उतरत असे आणि उरलेला रस्ता चालत जात असे. हे त्यांना कळत नव्हते, असे मी सतरा-अठरा वर्षे धरून चाललो होतो. काहीतरी बोलायला हवे होते. शब्द जुळवेपर्यंत तेच पुढे म्हणाले, "बरं होतं ते. तिथं गाडी वळवायला सोपं जायचं."

फाटकासमोर बस वळेल एवढी जागा होती. ते मला ठाऊक होते, आणि त्यांनाही. "हो, अण्णा," मी म्हणालो. पावसाचा जोर वाढला होता. थोड्या वेळाने त्यांचा घोरण्याचा आवाज येऊ लागला.

फेब्रुवारीत ते गावी परतले. दिल्लीहून कोल्हापूरची थेट गाडी आठवड्यातून एकदाच, म्हणून तिकीट आधीच काढले होते. या खेपेस ते आठवड्यात नव्हे, तीन महिन्यांनी निघाले. निघताना त्यांनी एकच घोंगडी पिशवीत भरली. टांगलेली काढायला मी हात घातला, तर म्हणाले, "असू दे. पुढल्या थंडीत लागेल."

चक्राता आणि हर्षिल अजून व्हायचे आहेत. दरम्यान मी महिन्याच्या पहिल्या रविवारी एक बारीक तार घेऊन अंगणात जातो, आणि दारांच्या खालची भोके मोकळी करून येतो.