अम्मीचा व्यवसाय

माझी भाची टेक्स्टाइल डिझाइन शिकते. प्रकल्पासाठी तिने खोलीचे दोन भाग करणारा पडदा लोकरीने सुयांवर विणला आणि त्यावर कशिदा काढायला घेतला. पण विणलेलं कापड ताणलं जातं, साधा टाका ताणला जात नाही. दोन नमुन्यांत दोरे तुटले. मग ती नानीकडे आली. अम्मी म्हणाली, "साखळी टाका घाल, ढिला." साखळीही विणीसारखीच, फासात फास. ती कापडाबरोबर ताणली जाते.

भाचीनेच सांगितलं, अ‍ॅनी अल्बर्सने १९३० मध्ये जर्मनीतल्या बाउहाउसच्या पदविकेसाठी सभागृहाच्या भिंतीचं कापड केलं होतं. एका बाजूने आवाज शोषणारं, दुसऱ्या बाजूने उजेड परतवणारं. तिचं नाव जगभर झालं. अम्मीने वीस वर्षं नगावर ओढण्या भरून दिल्या, त्यावर आमची फी भरली. माझ्या बी.एड.च्या अर्जावर मी लिहिलं: आईचा व्यवसाय, गृहिणी.

प्रदर्शनात पडद्याखाली भाचीने दोन नावं लिहिली. मी अम्मीला वाचून दाखवलं. ती पुटपुटली, "मेरा नाम कायको लिखी?" पण चिठ्ठीवरचं बोट तिने लवकर उचललं नाही.

आता शाळेत प्रवेश अर्ज भरताना मी प्रत्येक आईला विचारते, "घरी कोणतं काम करता?"