माणकोलीच्या रांगेतले बिऱ्हाड

शिर्डी किंवा त्र्यंबकेश्वराच्या यात्रेस निघाल्यावर ठाणे मागे पडते, खारेगावची खाडी ओलांडली जाते आणि माणकोलीपासून ट्रकांच्या रांगा दिसू लागतात. भिवंडीची जुनी ओळख यंत्रमागांची; आता काल्हेर, पूर्णा, राहनाळ या गावांतील गोदामांनी तिला दुसरी ओळख दिली आहे. माल उतरवण्याची पाळी येईपर्यंत, कधी दोन-दोन दिवस, चालकाचे बिऱ्हाड गाडीतच असते.

सकाळी ही रांग जरूर पाहावी. दात घासता घासताच चालक गाडीभोवती फेरी घालतो. लोखंडी दांडीने एकेक टायर ठोकतो. भरलेला टायर टणक वाजतो, बसलेला बद्द. वाकून जमिनीवर तेलाचा डाग शोधतो. हवेच्या ब्रेकच्या टाकीत साचलेले पाणी सोडतो. रेडिएटरचे पाणी इंजिन थंड असतानाच पाहतो, कारण तापलेले झाकण उघडले की उकळते पाणी थेट तोंडावर उडते. असे भाजलेले चेहरे मी पाहिले आहेत.

दोन उन्हाळ्यांपूर्वी साठीकडे झुकलेला एक चालक खोकल्यासाठी माझ्या दवाखान्यात आला. चप्पल काढताना त्याच्या उजव्या तळव्यावर रुपयाएवढा फुटलेला फोड दिसला. त्याला त्याची खबरही नव्हती. जुन्या ट्रकांत इंजिन चालकाच्या शेजारीच असते आणि त्यावरचे झाकण चांगलेच तापते. त्यावर अनवाणी पाय टेकवून तो झोपी गेला होता. मधुमेह बारा वर्षांचा, तळव्याची संवेदना जवळजवळ गेलेली. पुढचे ग्रीसिंग कधी, हे त्याला तोंडपाठ होते. स्वतःची साखर शेवटची कधी तपासली, ते मात्र आठवेना. जखम भरण्यास सात आठवडे लागले. तोवर ट्रक पुतण्याने चालवला.

आपल्या घरातल्या मधुमेही वडीलधाऱ्यांबाबतही हेच घडू शकते. प्रवासात त्यांचे पाय तापलेल्या पत्र्याला किंवा फरशीला टेकू देऊ नका. मंदिराच्या आवारात भर दुपारी अनवाणी चालणेही टाळावे. मुक्कामी शेकायला गरम पाणी दिलेत, तर ते आधी सोबतच्याने हाताने पाहावे. ‘कोमटच आहे’ या त्यांच्या शब्दावर विसंबू नये. रोज रात्री तळवे आणि बोटांच्या बेचक्या पाहाव्यात. फोड दिसला तर फोडू नये, दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांस दाखवावा.

दुसरा धोका डोळ्यांस दिसत नाही. 1 ऑक्टोबर 2025 पासून तयार होणाऱ्या मालवाहू ट्रकांत वातानुकूलित केबिन सक्तीची झाली, हे योग्यच झाले. परंतु गारव्यासाठी इंजिन चालू ठेवून झोपण्याचा मोह ट्रकचालकाला होतो, तसा भाड्याच्या मोटारीतल्या यात्रेकरूंनाही होतो. धूर बाहेर टाकणारी नळी कुठे फुटली असेल, किंवा गाडी बंद जागेत उभी असेल, तर कार्बन मोनॉक्साइड आत शिरतो. त्याला रंग नाही, वास नाही. गाडीतल्या एकाहून अधिक जणांचे डोके एकाच वेळी दुखू लागले, मळमळले, तर पित्ताची गोळी शोधत बसू नका. सर्वांना ताबडतोब मोकळ्या हवेत आणून रुग्णालय गाठा.

तो चालक परवा पुन्हा आला होता, या खेपेस नुसताच भेटायला. केबिनमध्ये टांगलेला दाढीचा आरसा त्याने मला कौतुकाने दाखवला. टायर ठोकून झाले की तो आता त्यात दोन्ही तळवे पाहतो.